फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर आणि आमचा ओटा

तळेगावला जमीन घेऊन ठेवल्याला बारा वर्षे झाली होती. अखेर घर बांधायचे ठरले, तेव्हा बाकीच्या खोल्या एका रविवारात ठरल्या. अडले ते स्वयंपाकघरापाशी.

वास्तुतज्ञांनी दोन नकाशे पुढे ठेवले. एकात स्वयंपाकघर म्हणजे साडेसहा फूट रुंदीची लांबट खोली. दोन्ही बाजूंना समोरासमोर ओटे, टोकाला खिडकी. दुसऱ्यात भिंतच नाही! बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात ओटा आणि मध्ये जेवणाचे टेबल. ह्यांना दुसरा पसंत. "पाहुणे आले तरी तू गप्पांत असशील," हे म्हणाले. मीही भुलले होते. पण सासूबाई म्हणाल्या, "पदर खोचून काम करायचे, ते चारचौघांसमोर? आणि मिरचीची फोडणी कुठे जाणार?" मग मी पहिला नकाशा दाखवला. तो त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता घडी करून परत दिला.

अशा अवस्थेत मी लेकीकडे जर्मनीला गेले. वास्तुतज्ञांना महिनाअखेर उत्तर द्यायचे होते. लेक फ्रँकफुर्टला असते. माझे रडगाणे ऐकून ती म्हणाली, "आई, तुझा तो पहिला नकाशा इथलाच आहे. चल, दाखवते."

शहराच्या मध्यातून गाडीने वीसेक मिनिटांत आम्ही रोमरश्टाट नावाच्या वसाहतीत उतरलो. नाव रोमन लोकांवरून पडलेले. त्यांचे गाव पूर्वी तिथे होते. निड्डा नदीच्या काठाने पांढऱ्या, सपाट छपरांच्या घरांच्या ओळी आहेत आणि प्रत्येकामागे हातभर बाग. पहिल्या महायुद्धानंतर शहरात घरांची मोठी टंचाई होती. तेव्हा एर्न्स्ट माय या वास्तुतज्ञाच्या हाताखाली नगरपालिकेने अशा वसाहती उठवल्या. त्यांतली ही १९२७ ते १९२९ या काळातली. एक घर जुन्या रूपात परत सजवून लोकांना पाहायला ठेवले आहे.

त्या घराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले आणि मी मोठ्याने हसले. हाच तो! मीटरचे फूट करून पाहिले. रुंदी सव्वा सहा, लांबी सव्वा अकरा. टोकाला खिडकी, खिडकीखाली कामाचे टेबल, पुढे फिरते स्टूल. पाट्यावरवंट्याच्या काळात वाढलेल्या बाईला हेवा वाटावा अशी एकेक युक्ती! डाळ-तांदूळ-साखरेसाठी ओळीने अॅल्युमिनियमचे खण. त्यांना मूठ आणि चोच आहे, खण काढायचा आणि सरळ भांड्यात ओतायचे. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्याला कीड लागत नाही. टेबलात सालपटे लोटायला खाच, भिंतीला इस्त्रीची घडीची फळी, ताटल्या पुसायला लागू नयेत म्हणून निथळायची मांडणी. कपाटांचा रंग निळसर. त्या रंगावर माशा बसत नाहीत असा तेव्हा समज होता. आमच्या तळेगावच्या माशांना हे कोणी सांगावे!

हे सगळे १९२६ साली आखले मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या बाईंनी. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. आगगाडीच्या भोजनडब्यातले चिंचोळे स्वयंपाकघर त्यांनी नमुन्याला घेतले होते. तेवढ्याशा जागेत आचारी डझनावारी माणसांना जेवू घालतो, मग घरच्या बाईने दिवसभर का चालत राहावे? काम लवकर उरकावे आणि तिने आपल्या नोकरीला, वाचनाला मोकळे व्हावे, हा हेतू. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे फ्रँकफुर्टमध्ये बसली. गंमत म्हणजे बाईंनी पुढे स्वतःच सांगितले की तोवर त्यांनी कधी घर चालवले नव्हते, स्वयंपाकही केला नव्हता. हिटलरच्या राजवटीला विरोध केला म्हणून १९४१ साली त्यांना अटक झाली. १९४५ पर्यंत त्या तुरुंगात होत्या. २००० साली गेल्या, तेव्हा १०३ वर्षे पुरी व्हायला पाचच दिवस उरले होते.

मी मनाशी म्हटले, ठरले. पहिलाच नकाशा. एवढ्या विचारी बाईने पावले मोजून केलेले काम आहे, आपण कोण शंका घेणार?

"आई, जरा सरक, मला फोटो काढू दे," लेक म्हणाली आणि आत आली. मी सरकले, तिची कोपर माझ्या खांद्याला लागली. मी वळले, तर पाठ कपाटाला. शेवटी मी बाहेर आल्यावरच तिला फोटो मिळाला. त्या काळी राहायला आलेल्या बायकांचीही हीच तक्रार होती म्हणे, की इथे दुसऱ्या माणसाला उभे राहता येत नाही. जागा एकीचीच धरलेली होती.

तिथे दारात उभी असताना मला सासूबाईंनी घडी घालून दिलेला नकाशा आठवला. त्या ८४ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे पाट सुटला. आता पुण्याच्या घरात फ्रिजशेजारी स्टुलावर बसून मेथी निवडतात, लसूण सोलतात आणि माझ्या आमटीत मीठ कमी पडले हे वासावरून ओळखतात. त्या नकाशात स्टुलाला जागा नव्हती. आणि उघड्या स्वयंपाकघरात त्या येऊन बसल्या नसत्या, हे मला ठाऊक होते.

रात्री वास्तुतज्ञांना फोन केला. समोरासमोरचे ओटे राहू द्या, पण रुंदी नऊ फूट करा. बैठकीच्या बाजूला सरकते दार हवे आणि पूर्वेच्या खिडकीखाली भिंतभर बसायचा कट्टा. ते म्हणाले, "अडीच फूट बैठकीतून जातील. साहेबांचे पुस्तकांचे कपाट बसणार नाही." ह्यांची समजूत घालायला दोन दिवस लागले. कपाट आता जिन्याखाली जाणार आहे. त्यावरून अधूनमधून सुस्कारे ऐकू येतात.

मग सासूबाईंना फोन लावला.

"किती उंच करणार कट्टा?" त्यांनी विचारले.

"खुर्चीपेक्षा जरा बुटका. पाय जमिनीला टेकतील असा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "आणि माझी विळी?"

"आई, तुम्हाला आता खाली बसता येत नाही."

"कट्ट्यावर ठेवून चिरीन. रुंदी दोन फूट ठेवायला सांग त्यांना."

ती मी लगेच कळवली.