स्टोरी काय आहे?

कुठल्याही सिनेमाबद्दल आपला पहिला प्रश्न हाच. 'परफेक्ट डेज'बद्दल मैत्रिणीने तो विचारला आणि माझी पंचाईत झाली. काय सांगणार? टोकियोतला हिरायामा रोज सकाळी उठतो, रोपांवर पाणी फवारतो, दारासमोरच्या मशीनमधून कॉफीचा कॅन घेतो, गाडीत जुन्या कॅसेट लावतो आणि सार्वजनिक टॉयलेट्स साफ करायला जातो. दुसऱ्या दिवशीही तेच. बोअर होत नाही? अजिबात नाही, तीच तर गंमत आहे!

विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाचा हा २०२३चा सिनेमा. हिरायामा झालेल्या कोजी याकुशोला त्याच वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तोही अगदी मोजकं बोलून. कमोडची खालची कड नीट निघाली का, हे तो छोट्या आरशात बघतो. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसून पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो. या उन्हाला जपानीत खास शब्द आहे, कोमोरेबी. आपल्याकडेही कवडसा आहेच की. शेवटचा कधी बघितला होतात?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कमी पगारात सुख माना, असंच ना? ही शंका मलाही आली. पण सहकारी अचानक नोकरी सोडतो, त्याचंही काम हिरायामावर पडतं, तेव्हा हा शांत माणूस फोनवर चक्क भडकतो. असं रोज जमणार नाही, म्हणतो. मला सिनेमा तिथे पटला. सुंदर काही दिसायला नजर लागतेच, पण आधी वेळेवर सुटायला हवं!

आमच्या ऑफिसात वॉशरूम साफ करणाऱ्या मावशी आहेत. काम संपलं की त्या तिरक्या होऊन उजेडात आरसा बघतात. डाग दिसला की पुन्हा फडकं. सिनेमानंतर हे माझ्या लक्षात यायला लागलं. "मावशी, मस्त चमकतोय," म्हटलं, तर हसल्या. "आता दोन मजले दिलेत मॅडम, पूर्वी एकच होता. पण आरसा तेवढा तसाच सोडवत नाही."

दुसऱ्या मजल्यासाठी आणखी एक बाई ठेवा, असा मेल मी अॅडमिनला टाकलाय. उत्तर आलेलं नाही. उद्या पुन्हा टाकणार आहे.

सिनेमा या वीकेंडला जरूर बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि सोमवारी तुमच्या मजल्यावर कोण येतं, तेही.