पाथर्डीच्या तांड्यावरील भरतकाम

अहमदनगरचें नांव निघालें कीं भुईकोट किल्ला आठवतो, चांदबिबी आठवते. भरतकाम कोणास आठवत नाहीं. (जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, पण जुनी संवय जिभेवरून लवकर जात नाहीं.) मलाही तें आठवलें नसतें, परंतु गेल्या माघांत पाथर्डीकडे जाण्याचा योग आला, तेव्हां माझ्या खांद्यावर आरसे लावलेली एक रंगीत पिशवी होती. पुण्याच्या एका दुकानांत ती मीं हौसेनें घेतली होती.

शहर सोडून पूर्वेस निघालें म्हणजे डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. पुढें करंजीचा घाट, तिसगांव, आणि आडवाटेस कानिफनाथांची मढी. मुलूख अवर्षणाचा. दिवाळी झाली कीं येथील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं साखरकारखान्यांवर जातात. त्यामुळें आम्ही ज्या बंजारा तांड्यावर उतरलों, तेथें म्हातारीं माणसें आणि लहान मुलेंच काय तीं होतीं.

बंजारे एके काळीं बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहत. मोगलांच्या दक्षिणेंतील फौजांना रसद पुरवीत. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. बैल गेले, तांडे एका जागीं स्थिरावले. अंगावरचें भरतकाम मात्र बरेच दिवस टिकलें. घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनीं बांधावयाची कांचळी, डोक्यावर छांट्या. त्यांवर आरसे, कवड्या, नाणीं आणि भौमितिक आकृतींचे दाट टाके. आतां तरुण मुली साड्या नेसतात. उन्हातान्हांत ऊस तोडतांना तो भार वागविणें कठीणच. त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

एका ओसरीवर एक वृद्धा बसली होती. सारा तांडा तिला ‘याडी’ म्हणे; याडी म्हणजे आई. तिनें माझी पिशवी मागून घेतली, प्रथम उलटी केली आणि आंतल्या बाजूनें टाके पाहूं लागली.

“ही आमच्याकडची न्हाई, ताई. हा तुकडा फेटियाच्या कमरंचा, आन् ह्यो कांचळीच्या बाहीचा. दोन बायांचा हात हाय. कुनी कापलं?”

मला उत्तर सुचेना. आरसे आणि रंग पाहून मीं ती घेतली होती. तीं कोणाच्या अंगावरचीं वस्त्रें असतील हा विचार शिवला नव्हता.

तिचें तें वाचन पाहून मला पॅलेस्टाइनच्या बायकांचें ‘तत्रीझ’ आठवलें. आपल्याकडे दुसुतीवर भरतात तीच फुली, पण तिनें सबंध झगा भरलेला. सुरूचीं झाडें, तारे, चंद्र अशा आकृती. आणि झग्यावरून बाई कोणत्या गांवची तें जाणत्यांस ओळखतां येई. रामल्लाचा पांढऱ्या कापडावर लाल, तर बेथलेहेमचा जरीच्या दोऱ्यानें उठाव दिलेला. १९४८ सालीं सुमारें सात लक्ष लोक घरांदारांस मुकले. कित्येक गांवें राहिलींच नाहींत, त्यांचा माग मात्र झग्यांवर उरला. पुढें १९८७ नंतरच्या उठावांत, ध्वज दाखविण्यास बंदी असतांना, बायकांनीं तो झग्यांवर भरला. २०२१ सालीं युनेस्कोनें ही कला आपल्या वारसायादींत घेतली. न्यूयॉर्कचा जॉर्डन नासर हा पॅलेस्टिनी वंशाचा कलावंत तर त्याच फुलीनें डोंगरांची चित्रें करतो. त्यांपैकीं पुष्कळांत रामल्ला, हेब्रॉन, बेथलेहेमकडील बायकांचें भरतकाम असतें.

ह्या नव्या कलेबद्दल माझें मन प्रथम साशंक होतें. झगा सोडून टाका भिंतीवर कशाला, असें वाटे. याडीच्या ओसरीवर तें मत बदललें. तेथें टाका नव्यानें घातला जातो, आणि घालणारीस मजुरी मिळते. कर्नाटकांतील संदूर येथेंही लमाणी बायका असें नवें काम करतात; २०१० सालीं त्या भरतकामास भौगोलिक मानांकन मिळालें. माझ्या पिशवींत मात्र दोन बायांचे अंगावरचे कपडे कातरलेले होते.

“ही तुम्हीच ठेवा,” मीं म्हटलें.

“मी काय करूं? तुकड्याचा का फेटिया हुतो?” याडी हंसली. मग तिनें नातीकडून सुई मागविली आणि सैल झालेला एक आरसा हिरव्या दोऱ्यानें पक्का करून दिला. पैसे घेतले नाहींत. जवळच्या बाजारांतल्या लाल दोऱ्याचा रंग धुण्यांत जातो, पक्का मिळाला तर धाड, एवढेंच म्हणाली.

परवां लाल दोऱ्याच्या बारा लड्या टपालानें पाठविल्या. हिरव्या टाक्यांचा तो आरसा इतरांहून वेगळा दिसतो. घरीं येणारी प्रत्येक जण त्याविषयीं विचारते.