फोंतेन्हासांतील दोन भोजनें

परगांवीं गेलें असतां तेथील देवळें पाहावीं, किल्ले पाहावे, बाजार पाहावा, असें सर्वजण सांगतात; परंतु तेथील पानावर बसावें कीं नाहीं, याविषयीं आपल्या घरांतून अजूनहि एकमत नाहीं. तरुण मंडळी म्हणतात, अन्न चाखल्यावांचून गांव कळत नाहीं. वडील मंडळी म्हणतात, काय चाखावयाचें तें आधीं कळूं द्या. गोव्याच्या प्रवासांत या दोन्ही म्हणण्यांतील तथ्य आम्हांस एकाच उपाहारगृहांत, लागोपाठ दोन दिवशीं, अनुभवास आलें.

आम्ही मोहाडीचीं माणसें. भंडारा जिल्ह्यांतील आमचा मुलूख धानाचा आणि तलावांचा. चिन्नोर तांदळाच्या वासावर वाढलेलें आमचें नाक परक्या भातापुढें सहसा नमत नाहीं. वरठीच्या स्थानकावरून निघून नागपूरमार्गें आम्ही लहानमोठीं नऊ माणसें गोव्यास गेलों. त्यांत पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाईहि होत्या.

पणजींत आल्तिनोची टेकडी आणि उरेम खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत फोंतेन्हास नांवाची जुनी वस्ती आहे. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला हें नांव पडलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथें आंतोनियो जुआंव द सिकेर नांवाच्या गृहस्थानें नारळाची बाग लावली. मोझांबिकांत पैसा मिळवून आल्यामुळें लोक त्यास ‘मोसमीकार’ म्हणत. पुढें बागेच्या जागीं घरें उठलीं, आणि १८४३ सालीं पणजी ही पोर्तुगीज मुलुखाची अधिकृत राजधानी झाली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, निळ्या चित्रांच्या चकचकीत फरश्यांवर लिहिलेलीं गल्ल्यांचीं नांवें, हें सर्व पाहत चालणाऱ्यास आपण हिंदुस्थानांत आहों कीं लिस्बनमध्यें, असा क्षणभर भ्रम होतो.

येथल्याच एका जुन्या घराच्या तळमजल्यावर तें उपाहारगृह होतें. पोर्तुगाल हा अटलांटिक महासागराच्या कांठचा देश. तरी त्याची चूल भूमध्य समुद्राच्या कुटुंबांतली. गहूं, ऑलिव्हचें तेल आणि द्राक्षें हे त्या चुलीचे तीन खांब. युनेस्कोनें २०१० सालीं भूमध्यसमुद्री आहारपद्धतीस सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें, व २०१३ सालीं त्यांत पोर्तुगालचेंहि नांव घातलें. आपण तरी या चुलीस अगदींच परके कोठें आहों? पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्द पोर्तुगीजांच्याच तोंडून आपल्याकडे आले. आणि ज्या तिखटावांचून आमच्या वऱ्हाडनागपुराकडील तर्रीची कल्पनाच करवत नाहीं, तें अमेरिकेंतून आणून आपल्या किनाऱ्यावर उतरविण्यांत त्यांचाच मोठा वांटा.

पहिल्या दिवशीं दुपारीं आम्ही तेथें गेलों. मुलांची मासळीवर तृप्ति झाली, याबद्दल वाद नाहीं. आत्याबाईंसाठीं ‘काल्दु वेर्द’ मागविलें. बटाट्याच्या दाट सारांत बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी, असें त्याचें वर्णन वाढप्यानें केलें होतें, आणि निव्वळ शाकाहारी ना, असें आम्हीं दोनदां विचारलेंहि होतें. वाडगा आला; आत्याबाईंनीं चमचा फिरविला, तों तळाशीं तांबूस चकत्या. तें डुकराच्या मांसाचें शोरीस होतें! तक्रार करितां वाढप्यानें चकत्या काढून तोच वाडगा पुनः पुढें ठेविला. “चवीपुरतें असतें,” असें वर समाधानहि केलें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पावाचा कोरडा तुकडा मोडला, पाणी प्यायल्या, आणि आमचें जेवण संपेपर्यंत शांत बसून राहिल्या. आमच्या घशाखालीं मात्र पुढचा घांस सुखानें उतरला नाहीं.

सायंकाळीं जवळच्या सेंट सेबॅस्टियनच्या प्रार्थनामंदिरांत गेलों. तेथील उघड्या डोळ्यांचा ख्रिस्त मूळचा जुन्या गोव्यांतील इन्क्विझिशनच्या वाड्यांतला. त्या न्यायासनाच्या १७३६ सालच्या हुकुमानें नवख्रिस्ती घरांतून हिंदूंच्या रीतीनें बिनमिठाचा भात शिजविण्यासहि बंदी केली होती. माणसाच्या ताटांत सक्तीनें हात घालणें म्हणजे काय, हें तेथें उभें राहून कळतें. वाढप्याच्या हलगर्जीपणाची या जुलमाशीं तुलना करणें अन्यायाचें होईल. परंतु ताट हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें, एवढी गोष्ट मनांत पक्की झाली.

दुसऱ्या दिवशीं पुनः तेथेंच जाऊं, असें आत्याबाईच म्हणाल्या. “काल वाढप्याला विचारलंत. आज रांधणारीला विचारूं.” त्या सरळ मुदपाकखान्याच्या दाराशीं गेल्या. आंतून एक प्रौढ गोंयकार बाई बाहेर आली. मराठी व कोंकणी यांच्या मिश्रणांत दोघींचें दहा मिनिटें बोलणें झालें. मग तिनें आत्याबाईंसाठीं वेगळ्या भांड्यांत काबुली हरभरे उकडून, वर कोथिंबीर, लिंबू आणि ऑलिव्हच्या तेलाची धार घालून दिली. “आपल्या गोळाभातावर जवसाच्या तेलाची धार घालतों, तशीच रीत ही,” आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडे धानाच्या बांधींत मागाहून जवस पेरतात; त्यामुळें ती उपमा आम्हां सर्वांस तत्काळ पटली. टोमॅटोचा भात मात्र त्यांनीं “हा भात कीं आसट?” असें म्हणून बाजूला सारला. त्या भातांत मुद्दामच रस राखतात, असें बाईनें सांगितलें; तरी मोहाडीच्या जिभेनें आपला निकाल बदलला नाहीं.

शेवटीं ‘आरोज दोस’ आला: दूध, तांदूळ, साखर, लिंबाची साल, आणि वर दालचिनीच्या पुडीची रांगोळीसारखी नक्षी. कित्येक ठिकाणीं यांत अंड्याचा बलक घालतात. तो आपण घातला नाहीं, हें बाईनें न विचारतांच सांगितलें. त्या एका वाक्यानें कालचा वाडगा पुष्कळसा धुवून निघाला.

परकें अन्न पाहून नाक मुरडणें जसें अरसिकपणाचें, तसेंच पाहुण्याच्या नियमास हंसणें असंस्कृतपणाचें. घरच्या वडीलधाऱ्यांसह प्रवास करणाऱ्या वाचकांनीं संकोच सोडून चुलीपर्यंत चौकशी करावी, असें आम्हांस वाटतें. खरें उत्तर बहुधा तेथेंच मिळतें. मोहाडीस परतल्यावर आत्याबाईंनीं मुलांसाठीं दालचिनीची नक्षी काढून तो भात केला. चौंडेश्वरीच्या नवरात्रांत नैवेद्याला मात्र वेलदोड्याची नेहमींचीच खीर झाली.