धुराडं गच्चीच्या वर हवं

यवतमाळात लाइन गेली की बाजारातले जनरेटर सुरू होतात आणि त्यांचा धूर मागच्या घरांत शिरतो. आपण याला सरावलो आहोत, आणि मला तेच सलतं. कारण यावर नियम आहे, तोही सोपा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र असं: जनरेटरच्या केव्हीए क्षमतेचं वर्गमूळ काढा, त्याला ०.२ ने गुणा आणि येतील तितके मीटर धुराडं इमारतीच्या माथ्याच्याही वर न्या. २५ केव्हीएला एक मीटर, १०० केव्हीएला दोन. म्हणजे तीन मजली इमारतीच्या तळाशी जनरेटर असला, तर पाइप तिन्ही मजले चढून गच्चीच्या वर गेला पाहिजे. तो बोळात कंबरेएवढ्या उंचीवर सोडला, तर धूर थेट समोरच्या खिडकीत जाणार. लांब पाइपाने इंजिनावर दाब येतो, असं सांगितलं जातं. खरं आहे, पण त्यासाठी पाइपाचा व्यास वाढवायचा असतो, उंची कमी करायची नसते. जो जनरेटर विकत घेऊ शकतो, त्याला तेवढा पाइप जड का व्हावा?

जनरेटर चालतो तो तास-दोन तास, ट्रकांचा धूर त्याहून जास्त, असं कुणी म्हणेल. पण ट्रक पुढे निघून जातो. जनरेटर त्याच खिडकीखाली उभा राहतो. शिवाय तो नेमका वीज नसताना चालतो. मे महिन्याच्या उकाड्यात पंखे बंद, म्हणून खिडक्या सताड उघड्या. इन्व्हर्टरवर कूलर चालत असेल तर आणखी वाईट, कारण कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो आणि ओल्या वाळ्याने बारीक काजळी अडत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच नि:संदिग्धपणे सांगितलं. ‘सायलेंट’ जनरेटरच्या पेटीत आवाज कोंडला जातो, धूर नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला आहेत, यवतमाळ नाही. म्हणून इथली हवा चांगली, असं मी मानत नाही. ती यादी शहराच्या सरासरी हवेवरून होते. एका बोळातला धूर तिच्यात दिसणारच नाही. जुलै २०२३ पासूनचे कडक निकष नव्या जनरेटरना आहेत. आधीचे तसेच धूर सोडत राहतील. रुग्णालयाला जनरेटर हवाच, पण पाइप वर नेल्याने व्हेंटिलेटर बंद पडत नाही. दुकानदारांवर मात्र मला सरसकट राग धरवत नाही. लिटरभर डिझेलमध्ये जेमतेम तीन-साडेतीन युनिट वीज मिळते; इतकी महाग वीज कोणी हौसेने वापरत नाही, पुरवठा तुटतो म्हणून वापरतो. तरी दिवे, पंखे आणि बिलाचा संगणक बॅटरीवर निभतात. जनरेटर लिफ्ट आणि फ्रीझरपुरता ठेवता येईल, आणि तेवढ्यासाठीही धुराडं गच्चीच्या वरच हवं.