साथीदार

गाणें संपतें, टाळ्या पडतात आणि गायकाचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. परंतु त्या गाण्यांतील ज्या चार सुरांनीं आपलें मन हेलावलें, ते सूर कोणाचे, हें विचारण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. आम्हांसही तें पुष्कळ वर्षें सुचलें नाहीं. ही कबुली देण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

कॉलेजच्या वसतिगृहांत असतां आमच्याकडे इंग्लंडमधील ‘पिंक फ्लॉइड’ या विख्यात वाद्यवृंदाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही कॅसेट होती. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओंत ध्वनिमुद्रित होऊन १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या संग्रहाच्या कोट्यवधि प्रती जगभर खपल्या आहेत. त्यांतील ‘मनी’ आणि ‘अस अँड देम’ या दोन गीतांत सॅक्सोफोन वाजतो. हें वाद्य पितळेचें खरें, पण त्याच्या मुखाशीं सनईप्रमाणें पत्ती असते. म्हणून त्यांतून धातूच्या तेजाबरोबर मनुष्याच्या कंठाचा ओलावाही येतो. त्या सुरांसाठीं आम्हीं ती कॅसेट झिजविली. वृंदाच्या चारही सभासदांचीं नांवें आम्हांस तोंडपाठ होतीं. सॅक्सोफोन वाजविणारा मात्र त्या चौघांपैकीं नव्हता.

त्याचें नांव डिक पॅरी. वृंदांतील गिटारवादक डेव्हिड गिल्मर याचा तो केंब्रिजचा जुना स्नेही. ‘मनी’ हें गीत आपल्या रूपकाप्रमाणें सात मात्रांत चालतें, आणि पॅरीनें आपलें वादन त्या अवघड सातांतच केलें. लगेच पुढें गिटारची पाळी येतांच गीत सरळ चार मात्रांवर येतें. बाहेरून बोलाविलेल्या पाहुण्याच्या वांट्यास आडवाट आली, आणि घरच्या माणसास राजमार्ग मिळाला! तरी ऐकणारास कोठेंही धडपड जाणवत नाहीं. १९७५ सालच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या दीर्घ रचनेंत तो खर्जाचा बॅरिटोन सॅक्सोफोन ठेवून मध्येंच टेनर उचलतो. २ जुलै २००५ रोजीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें ते चौघे २४ वर्षांनीं एकत्र आले, तेव्हांही ‘मनी’साठीं पॅरीच उभा होता.

यांत वृंदाचा दोष काढावयास जागा नाहीं. संग्रहाच्या वेष्टणावर पॅरीचें नांव स्पष्ट छापिलेलें आहे. इतकीं वर्षें तें आमच्या डोळ्यांसमोर होतें. वाचलें नाहीं तें आम्हीं.

तें परवां वाचलें, आणि गतवर्षींचें आपलें स्नेहसंमेलन आठवलें. गायनवृंदास तबल्याची साथ करणाऱ्या मुलानें दोन महिने एकही तालीम चुकविली नव्हती. ऐन कार्यक्रमांत एक मुलगी कडवें विसरली, तेव्हां त्यानें एक आवर्तन अधिक वाजवून तिला सांवरून घेतलें. सभागृहांत कोणासही उमगलें नाहीं. आभार मानण्याचें काम आमचें होतें. आम्हीं मंडपवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सर्वांचे आभार मानिले, आणि त्यालाच विसरलों. तो कांहीं बोलला नाहीं. सर्व मंडळी गेल्यावर तबल्यास गवसणी घालीत बसलेला तेवढा दिसला.

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेंत साथीदारांचीं नांवें गायकांच्या शेजारीं, त्याच आकाराच्या टाइपांत छापविलीं आहेत. त्या मुलाचें नांव मात्र त्यांत नाहीं. तो दहावी होऊन शाळा सोडून गेला. हा अंक त्याच्या हातीं पडला, तर आमचे राहिलेले आभार त्यानें येथें स्वीकारावे.