केसपेपर एक, पेशंट दोन

"लेकराचं तोंड आलंय, डॉक्टर. दूध तोडू का तिचं?"

बिडकीनला ओपीडीत बसलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारी बहुधा आजी असते. बाळंतीण मागे उभी, कान बांधलेले, डोळ्यांत रात्रीचं जागरण. पहिल्या वाक्याची मला फारशी काळजी वाटत नाही, दुसऱ्याची वाटते. तोंडातली बुरशी आठ-पंधरा दिवसांत जाते. एकदा तुटलेलं अंगावरचं दूध परत आणताना मात्र आईचा, बाळाचा आणि डॉक्टरचा, तिघांचाही घाम निघतो.

आधी बॅटरी लावून तोंड बघायचं. कारण पांढरं दिसलं की बुरशीच, असं नसतं. नुसत्या जिभेवर पातळ थर असेल आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर निघत असेल, तर ते दूध. टाळूच्या मधोमध बारीक पांढरे दाणे असतील, तर ते जन्मतःच असतात आणि आपोआप जातात. खरी बुरशी गालाच्या आतल्या बाजूला, ओठांच्या आत, हिरड्यांवर चिकटून बसते, फुटलेल्या दुधाच्या कवड्यांसारखी. पुसून निघत नाही. खरवडलीच तर खाली लालभडक कातडी आणि कधी रक्ताचा ठिपका. म्हणून खरवडायचं नाही. बोटाला फडकं गुंडाळून बाळाचं तोंड रगडणाऱ्या हौशी हातांना मी आधी थांबवते.

ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर असते. बाळाला बहुतेक वेळा प्रसूतीच्या वाटेतच मिळते, किंवा नंतर आईच्या कातडीवरून, हातांवरून. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची, त्यात आईला किंवा बाळाला अँटिबायोटिक दिलेलं असेल तर बुरशीला आवर घालणारे जिवाणूही मेलेले. मग दुसऱ्या आठवड्यापासून पुढे हे डाग दिसू लागतात. यात आईच्या दुधाचा दोष नाही, पथ्याचा नाही, तिने खाल्लेल्या वांग्याचा तर मुळीच नाही.

बाळाचं तोंड बघून झालं की मी आईकडे वळते, आणि इथे घरच्यांना नवल वाटतं. दुखणं बाळाचं, मग आईला कशाला तपासता? बुरशी बाळाच्या तोंडातून बोंडशीवर आणि तिथून परत तोंडात जाते. एकालाच औषध दिलं की दुसऱ्याकडून ती पुन्हा येते. बोंडशी गुलाबी, चकचकीत, कातडी सोललेली, पाजून झाल्यावरही जळजळ होते, असं सगळं जुळलं तर आईलाही मलम. पण दुखतंय म्हणजे बुरशीच, हे समीकरण मला मान्य नाही. स्तनात आतून सणकणारी कळ बुरशीचीच असते याला भक्कम पुरावा नाही, असं या विषयातले बरेच जाणकार आता म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या आयांमध्ये चिरा पडण्याचं कारण बहुतेक वेळा बाळाची पकड हेच निघतं. बाळ नुसतं टोक चोखत असतं, भोवतीचा काळा भाग तोंडात गेलेलाच नसतो. तिथे मलमाच्या ट्यूबपेक्षा शेजारी बसून नीट पाजून घेतलेली दहा मिनिटं जास्त कामाची.

औषधाचं बोलायचं तर जगभर जुनं आणि भरवशाचं निस्टॅटिन. 1950 साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी ते शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीतल्या जंतूंचे नमुने बरण्यांत भरून टपालाने एकमेकींना पाठवायच्या. आपल्याकडेही असंच एक औषध मातीतून निघालं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन सापडलं. ते तयार करणाऱ्या जंतूचं शास्त्रीय नावही पिंपरीवरूनच, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तोंडातल्या बुरशीसाठी ते वापरलं जायचं. आता आमच्या मेडिकलवाल्याकडे सहज मिळतो तो क्लोट्रिमॅझोलचा माऊथ पेंट.

पातळ निस्टॅटिन मिळालं तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख युनिट असतं. अर्धा मिलि एका गालात, अर्धा दुसऱ्या गालात, दिवसातून चार वेळा, आणि तेही पाजून झाल्यावर, म्हणजे दुधाबरोबर लगेच पोटात जात नाही. डाग गेले तरी पुढे दोन दिवस चालू ठेवायचं. आईने मलमही पाजल्यानंतरच लावायचं. पुढच्या वेळी वर काही दिसत असेल तर तेवढं पुसायचं, साबणाने घासत बसायचं नाही. मायकोनाझोलचं घट्ट जेल चार महिन्यांखालच्या बाळाच्या तोंडात नको, घशात अडकतं. जुन्या मंडळींचं जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट, मी सोडून दिलंय: कडक झालं तर तोंडात जखमा होतात, आणि 2019 मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने कॅन्सरच्या शंकेवरून त्याबाबत इशाराही दिला आहे.

मला खरा राग येतो तो टाकणखाराचा. त्याची लाही करून मधात कालवायची आणि बाळाच्या तोंडात फिरवायची, हा उपाय आमच्याकडे अजून जिवंत आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. चोखणीला मध आणि बोरॅक्स लावून देण्याची चाल ब्रिटनमध्येही होती. त्यामुळे तान्ह्या बाळांना झटके आल्याचं तिथल्या डॉक्टरांनी 1983 साली नोंदवलं आहे. वर्षाच्या आत मधही नकोच, त्यात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. आजीला हे सांगताना आवाज चढवून उपयोग नसतो. "तुमचे हात पाजायला मदत करण्यासाठी लागणार आहेत," म्हटलं की ती ऐकते.

गावात आजी तरी असते. ऑरिकच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी जोडपी एकटी असतात. त्यांच्याकडे बाटली आणि चोखणी लवकर शिरते, आणि बुरशीला दोन्ही आवडतात. असतीलच तर रोज उकळायच्या; नसतील तर आणायच्या नाहीत. अशा घरांत आशाताईचा आधार मोठा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत केलेल्या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि पुढे ही पद्धत देशभर गेली. बुरशी नेमकी चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास डोकं वर काढते, म्हणून मी आशाताईंना सांगते: वजन करताना तोंडात डोकावा, लंगोटाखालीही बघा. जांघेत लाल चट्टा आणि कडेने सुटे पुरळ असतील तर तीही तीच बुरशी. लंगोट गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचे. मराठवाड्यात उन्हाला काय तोटा!

काढून ठेवलेलं दूध फेकू नका. फ्रीजरमध्ये ठेवून बुरशी मरत नाही, पण ते ताजं दूध त्याच बाळाला पाजायला हरकत नाही.

औषध नीट देऊनही डाग हटत नाहीत, पुन्हा पुन्हा येतात, वजन वाढत नाही, दिवसाला सहा वेळाही लघवी होत नाही, ताप आहे, बाळ दूध ओढतच नाही, यातलं काही दिसलं की मी वाट बघत नाही. आईचं गरोदरपणातलं कार्ड मागून एचआयव्हीचा आणि साखरेचा रिपोर्ट बघते, आणि गरज वाटली तर दोघांना शहरातल्या घाटी रुग्णालयात पाठवते. चिठ्ठी हातात देताना सांगते, पैठण रोडला गाडीत तास जाईल, वाटेत पाजत जा.