दिवाळी होऊ दे, मग बघू

जेन फॉस्टर हातोडा हातात घेते तेव्हा माझी नजर आधी तिच्या केसांकडे जाते. क्षणापूर्वी डोक्याला रुमाल, डोळे खोल गेलेले, मनगटाची हाडं वर आलेली. मग वीज कोसळते आणि शिरस्त्राणाखालून सोनेरी केसांचा लोट पाठीवर उतरतो. दंड भरतात, खांदे रुंदावतात, पाठीमागे लाल उपरणं फडफडायला लागतं. रसेल डॉटरमन या चित्रकाराने हे रूपांतर पुन्हा पुन्हा काढलंय आणि मॅथ्यू विल्सनने ते असं रंगवलंय की आजारी बाईच्या खोलीतला फिका उजेड आणि आभाळातली वीज एकाच पानावर नांदतात. केमोने केस गेलेल्या बाईला वीज अंगावर घेतल्यावर काय हवंसं वाटेल, हे या दोघांना नेमकं कळलं असावं.

मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये जेन आली १९६२ साली, डॉक्टर डोनाल्ड ब्लेकच्या दवाखान्यातली नर्स म्हणून. ब्लेक पायाने अधू. हातातली काठी आपटली की काठीचा हातोडा व्हायचा आणि त्याचा मेघगर्जनेचा देव थॉर. जेनचं काम संकटात सापडायचं आणि थॉरने सोडवायची वाट बघायची. पुढे ती स्वतः डॉक्टर झाली. मग २०१४ मध्ये लेखक जेसन आरनने डाव उलटा मांडला. चंद्रावर कुणीतरी थॉरच्या कानात काही कुजबुजतं आणि त्याची पात्रता जाते. म्योलनिर हा त्याचा हातोडा तिथेच धुळीत पडून राहतो, खुद्द त्याचा बाप ओडिन आला तरी हलत नाही. एक बाई येते आणि उचलते. ती कोण हे कित्येक महिने वाचकांपासून लपवलेलं होतं. २०१५ मध्ये उलगडलं: ती जेन, स्तनाचा कर्करोग झालेली.

इथवर गोष्ट साहसकथेच्या वळणाने जाते. पुढचा नियम मात्र फार निर्दय आहे. हातोडा उचलला की त्याची जादू जेनच्या शरीरातलं सगळं विष धुऊन काढते. केमो हे विषच, म्हणून तेही जातं. गाठ राहते, कारण गाठ बाहेरून आलेली नाही, तिच्याच पेशींची आहे. म्हणजे ती जितक्या वेळा जग वाचवायला जाणार, तितक्या वेळा आधीचा डोस वाया. परत आली की आजार जिथे होता त्याच्याही एक पाऊल पुढे.

कल्पना लेखकाची असली तरी तिच्या मुळाशी वैद्यक आहे. केमोची गोष्टच मुळी शस्त्रातून सुरू होते. युद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूचं भावंड असलेलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली अमेरिकेत येल इथे पहिल्यांदा एका रुग्णाच्या शिरेत सोडलं गेलं. भराभर वाढणाऱ्या पेशी मारायच्या, एवढीच अक्कल या औषधांना. त्यात गाठ येते, तशी केसांची मुळं येतात, तोंडातली नाजूक त्वचा येते, हाडांतली मज्जा येते. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी खाली येतात आणि पुढचा डोस लांबतो.

देवाचं शस्त्र माणसाच्या हाती येतं तेव्हा काय मोजावं लागतं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कर्णाने अंगाशी जडलेली कवचकुंडलं कापून दिली आणि बदल्यात इंद्राकडून एकदाच चालणारी शक्ती घेतली. ती गेली घटोत्कचावर. पण कर्णाने किंमत एकदाच दिली. जेनला ती दर खेपेला नव्याने द्यावी लागते, आणि उपचाराच्या खोलीत पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसावं लागतं.

ती खुर्ची मी आत्याबरोबर पाहिली आहे. आत्याला लाल औषध चालू होतं. सलाइनच्या नळीतून ते उतरताना ती त्याच्याकडे बघायची नाही, शेजारच्या बाईशी लोणच्याच्या मसाल्याबद्दल बोलत राहायची. मळमळ होऊ नये म्हणून डोसच्या आधी स्टेरॉइड देत. त्याने त्या रात्री तिला झोप यायची नाही आणि अंगात कुठून कोण जाणे बळ यायचं. अपरात्री स्वयंपाकघरातून डब्यांचा आवाज यायचा. बघावं तर आत्याने फडताळ रिकामं केलेलं, डाळी चाळलेल्या, पितळी भांडी चिंच लावून लख्ख. ‘मला काही झालेलं नाही गं,’ म्हणायची, आणि त्या घटकेला ते खरं वाटायचं. दोन-तीन दिवसांनी स्टेरॉइड उतरलं की पलंगाच्या कडेवरून उठायलाही हात द्यावा लागे. स्टेरॉइडने औषध धुतलं जात नाही, उलट ते सोसायला मदतच होते, हे मला माहीत आहे. तरी वीज अंगात असतानाची जेन बघताना मला रात्री दोनला डाळ चाळणारी आत्याच दिसते.

खरा हातोडा तिच्याकडे वेगळाच होता. गाठ हाताला लागली श्रावणात. डॉक्टरकडे गेली दिवाळीनंतर. मधे गौरी होत्या, मग पितृपक्षातलं सासऱ्यांचं पान, मग धाकट्या जावेचं बाळंतपण. ‘दिवाळी होऊ दे, मग बघू.’ घरातल्या कुणी तिला अडवलं नव्हतं, मुळात तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. तिच्यावाचून अडतंय, ही गोष्टच तिला पुरत होती. जेनचंही तसंच. प्रत्येक वेळी कुणीतरी संकटात असतं. बोलावणं खोटं नसतं, मदतीची गरज खरी असते, आणि नेमकं त्यामुळेच उपचार पुढे ढकलणं थोर वाटायला लागतं. जेन अस्गार्डच्या देवांची जादूही उपचारासाठी नाकारते. प्रत्येक जादूची किंमत असते, असं ती म्हणते. तेच म्हणणारी बाई हातोडा मात्र पुन्हा पुन्हा उचलते. ही विसंगती लेखकाची चूक नाही असं माझं मत आहे. आजारी माणसं अशीच असतात: स्वतःसाठी महागडी गोष्ट नको, दुसऱ्यासाठी चालते.

या कॉमिक्समधली एक बारीक कारागिरी मला फार आवडते. हातोडा हाती असताना जेन तोंडाने बोलते ते देवांच्या थाटात, त्यांच्यासाठी राखलेल्या नक्षीदार अक्षरांत. मनात बोलते ते साध्या, आपल्यासारख्या अक्षरांत. बाहेर गर्जना, आत ‘अरे बापरे, आता काय करू’. केमो चालू असलेल्या कुठल्याही माणसाला फोनवर ‘कसं वाटतंय’ विचारून पाहा, तिथेही हीच दोन प्रकारची अक्षरं सापडतील.

आजारी वीर मार्व्हलला नवा नव्हता. १९८२ मध्ये जिम स्टारलिनने कॅप्टन मार्व्हलला कर्करोगाने, अंथरुणात, मित्रांच्या गराड्यात मरू दिलं होतं. त्याच्या मनगटावरचे शक्तीचे पट्टे आजाराला थोपवत आणि तेच औषधांना वाट देत नसत. आणि त्याही आधी, शतकानुशतकं आधी, आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेल्या कथांतला थॉर स्वतःच एका म्हातारीशी कुस्ती हरलेला आहे. राक्षसांच्या दरबारात त्याला एक जख्ख बाई समोर येते. तो जोर लावतो, ती हलत नाही, शेवटी देवाचा एक गुडघा जमिनीला टेकतो. निघताना कळतं की ती म्हातारी म्हणजे वार्धक्यच होतं. त्या झटापटीत हातोड्याचा काही उपयोग झाला नाही. नॉर्स लोकांनी आपल्या सर्वांत बलदंड देवाला अशी हार द्यावी, याचं मला अजून नवल वाटतं.

जेनच्या गोष्टीचा शेवट २०१८ मध्ये आला. ती कोसळते. जादूगार डॉक्टर स्ट्रेंजपासून खुद्द थॉरपर्यंत सगळे तिला सांगतात की आणखी एकदा हातोडा उचललास तर मरशील. मला या मालिकेतल्या सगळ्या लढायांपेक्षा हे प्रसंग मोठे वाटतात. कुणीही तिला ‘तू लढवय्यी आहेस’ म्हणत नाही. ते म्हणतात, थांब, औषध घे, जग आम्ही बघतो. तरी मॅनगॉग नावाचा राक्षस अस्गार्ड फाडायला लागतो तेव्हा ती उठतेच. हातोडा आणि राक्षस एकत्र साखळीने जखडून सूर्यात भिरकावते, पुन्हा साधी जेन होते आणि मरते. थॉर आणि ओडिन वादळाची शक्ती वापरून तिला परत आणतात. आणि मग पुढची पायरी कुठली? केमो. पुन्हा ती खुर्ची, या वेळी हातोड्याशिवाय.

२०२२ च्या ‘थॉर: लव्ह अँड थंडर’ या चित्रपटात नॅटली पोर्टमनची जेन शेवटी थॉरच्या मिठीत मरते आणि वीरांच्या वल्हल्लाचं दार तिच्यासाठी उघडतं. रडू येतं, नाही असं नाही. पण मी कॉमिक्सच्या बाजूची आहे. चित्रपटाने तिला वीरगती दिली. कॉमिक्सने तिला पुढच्या डोसची तारीख दिली, आणि ती पाळणं किती किचकट, कंटाळवाणं काम आहे हे त्या खुर्चीच्या आसपास वावरलेल्या माणसाला विचारावं.

ही सगळी गोष्ट मी आत्याला सांगितली. तिचे केस आता परत आलेत, आधीपेक्षा कुरळे, आणि त्यांचा तिला राग आहे. राक्षस, सूर्य, साखळी हे तिने टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकून घेतलं. मग विचारलं,

‘आणि नोकरी? एवढ्या रजा दिल्या तिला?’

मी सांगितलं, पुढच्या मालिकेत ती बरी होते, मेलेल्या वीरांना वल्हल्लात नेणारी व्हॅल्किरीही होते, पण रुग्णालयात तिला आता शवागारात काम करावं लागतं.

‘म्हणजे रजा भरल्याच,’ आत्या म्हणाली आणि आवाज पुन्हा मोठा केला.